सगळं ऑनलाइन झालं, मग बाबांच्या फेऱ्या का संपत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात नोकरीला, आई-बाबा गोव्यात डिचोली तालुक्यात गावी. बाबांचं वय सत्तरच्या पुढे, हातात साधा बटणांचा फोन. वीजबिल, नळाचं बिल, घरपट्टी, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, दाखले, दयानंद योजनेचे महिन्याचे पैसे, सगळं ऑनलाइन झालं असं वर्तमानपत्रात वाचता, आणि तरीही बाबांना एकेका कामासाठी तीन-तीनदा डिचोलीला यावं लागतं. तुम्ही विचारलंय, "सगळं माझ्या मोबाइलवर घेऊन इथूनच करू का? की कुणा एजंटाला महिन्याचे पैसे बांधून देऊ? पणजी स्मार्ट सिटी झाली, पण आमच्यासारख्यांना या ऑनलाइनचा खरंच काही उपयोग आहे का?"

मी डिचोलीत सेवा केंद्र चालवते. त्याआधी बरीच वर्षं मामलेदार (तहसीलदार) कचेरीच्या कामांचे अर्ज लिहून द्यायचे. कागदाचा काळ आणि पोर्टलचा काळ दोन्ही एकाच बाकावर बसून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्ज भरणं ही बाबांची अडचण नाहीच. अर्ज कुणीही दहा मिनिटांत भरून देतं. अडतं ते वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेली बाबांची माहिती एकमेकींशी जुळत नाही म्हणून. पूर्वी खिडकीमागचा कारकून बाबांना ओळखायचा. रेशनकार्डावर एक नाव, जन्मदाखल्यावर जरा वेगळं, तरी हा अमक्याचा मुलगा हे त्याला ठाऊक असायचं, तलाठी तर घरचाच असल्यासारखा. संगणकाच्या लेखी दोन अक्षरांचा फरक म्हणजे दोन माणसं. ओळखीने जी तफावत चालून जायची ती आता अर्जाच्या वाटेत आडवी येते आणि अर्ज परत पाठवते. म्हणून पुण्यात बसून अर्ज भरायला घेण्याआधी नोंदी जुळवून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदा झालं की पुढच्या बहुतेक फेऱ्या वाचतात.

आपल्या गोव्यात ही तफावत इतर राज्यांपेक्षा जास्त असते, आणि त्यात तुमच्या बाबांची काही चूक नाही. त्यांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे नोंद पोर्तुगीज राजवटीतली. त्या नोंदींत 'क'साठी सी किंवा क्यू, 'श'साठी एक्स अशी लिहिण्याची रीत होती. केरकर आडनाव तिथे क्यूने सुरू होतं, आधारवर ते केने सुरू होतं. शाळेचा दाखला मराठी शाळेचा असेल तर त्यावर तिसराच प्रकार, बहुधा वडिलांच्या नावाशिवाय. आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. लग्नात नाव बदलण्याची पद्धत आपल्याकडे होती, त्यामुळे जन्मदाखल्यावरची मुलगी आणि आधारवरची बाई या एकच आहेत हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. यासाठी मामलेदार कचेरीतून तफावतीचा दाखला मिळतो, सगळे त्याला डायव्हर्जन्स सर्टिफिकेटच म्हणतात. तो एकदा काढून ठेवा.

जुळवणी कशी करायची ते सांगते. एक कोरा कागद घ्या. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, जन्मदाखला, एक-चौदाचा उतारा आणि वीजबिल, यांवर बाबांचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता जसा छापलाय तसा अक्षर न अक्षर उतरवून काढा. स्वतः सुधारून लिहू नका. मग पाहा कुठे काय वेगळं आहे. सगळंच दुरुस्त करायची गरज नसते. आधार, पॅन आणि बँक ही तिन्ही एकसारखी हवीत, कारण पैसे त्यांवरून येतात. बाकीच्यांसाठी तफावतीचा दाखला बहुतेक वेळा पुरतो. आधारवर दुरुस्ती करताना मात्र घाई करू नका. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. कुठलं स्पेलिंग कायमचं ठेवायचं ते आधी घरात ठरवा, जमल्यास जन्मदाखल्याला जवळचं ठेवा, आणि मगच केंद्रावर जा.

आता तुमचा नेमका प्रश्न: सगळं तुमच्या मोबाइलवर घ्यावं का? कामागणिक याचं उत्तर वेगळं आहे.

वीज, पाणी, घरपट्टी यांचे पैसे भरणं खुशाल तुमच्याकडे घ्या. वीजबिलावरचा सीए क्रमांक, म्हणजे ग्राहकाचा खाते क्रमांक, असला की कुणीही, कुठूनही बिल भरू शकतो. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल, आणि गावात ते बहुतेक घरांत असतंच, तरी भरण्याला अडचण नाही. नाव बदलायचं असेल तेव्हा वारसाचे कागद लागतील, ते काम वेगळं. घरपट्टीचं म्हणाल तर तुमच्या पंचायतीने घराची नोंद नीट चढवली असेल तर गोवा ऑनलाइन या सरकारी पोर्टलवर ती दिसते आणि भरता येते. नोंद दिसत नसेल तर पंचायत सचिवांना एकदा भेटून ती करून घ्या. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि दोन-तीन दिवस थांबा. बहुतेक वेळा पावती तयार होते किंवा पैसे परत येतात. दोनदा भरलेली रक्कम मागून परत मिळवणं फार किचकट असतं.

आधार आणि बँक खातं यांना मात्र बाबांचाच नंबर जोडलेला असू द्या, तुमचा नको. हे मी आग्रहाने सांगते. मुलाचा नंबर जोडलेला असेल तर मुलगा मीटिंगमध्ये, विमानात किंवा परदेशात असताना बापाचं बँकेतलं, रुग्णालयातलं, कचेरीतलं काम अडून राहतं. माझ्या बाकावर असे कितीतरी म्हातारे बसून गेलेत, ओटीपी दुसऱ्या गावी गेलेला आणि पलीकडून फोन उचलला जात नाही. स्वतःच्या कागदांवर स्वतःचा ताबा नाही ही गोष्ट माणसाला आतून छोटं करते, आणि ती चेहऱ्यावर दिसते. ओटीपीला स्मार्टफोन लागत नाही, बटणांच्या फोनवर तो एसएमएसने येतो. नंबर जोडायला बाबांना हिंडवायचीही गरज नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमन घरी येऊन आधारला मोबाइल जोडून देतो, पोस्टात चौकशी करा. आणि तो नंबर जिवंत ठेवा. रिचार्ज नसला की नंबर बंद पडतो, काही काळाने तोच दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि मग बाबांचे ओटीपी परक्या माणसाच्या खिशात जातात. दर महिन्याचा रिचार्ज पुण्याहून तुम्ही करा. तुमच्या हातून होण्यासारखं हे सगळ्यात महत्त्वाचं काम.

मग तुम्हाला पुण्याहून त्यांचा अर्ज करायचा झाला तर ओटीपी विचारावा लागणार. इथे धोका आहे, कारण फोनवर ओटीपी सांगायची सवय लागली की फसवणाऱ्यालाही तो सांगितला जातो. घरात एकच नियम करा: बाबांनी स्वतः तुम्हाला फोन लावायचा आणि मगच ओटीपी सांगायचा. आलेल्या फोनवर कधीच नाही, आवाज तुमच्यासारखा वाटला तरी नाही. आज रात्री वीज तोडणार असा संदेश, वाहनाचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल, पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक', हे सगळं खोटं असतं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवा.

हयातीचा दाखला. इथे लोकांचा मोठा गोंधळ होतो. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जीवन प्रमाण हा डिजिटल हयातीचा दाखला आहे, २०१४ पासून. २०२१ पासून ते फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही होतं, त्यासाठी आधार फेस आरडी नावाचं अ‍ॅप लागतं. तुम्ही गणेश चतुर्थीला किंवा शिगम्याला गावी याल तेव्हा तुमच्याच फोनवर ते करून घेता येईल. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ही राज्याच्या समाजकल्याण खात्याची. तिचा हयातीचा दाखला वेगळा, तो त्या खात्याच्या पद्धतीने द्यावा लागतो. जीवन प्रमाण केलं म्हणून तो आपोआप होत नाही. नेमका कुठे आणि कधीपर्यंत द्यायचा ते त्या त्या वर्षी पंचायतीत विचारून घ्या. तो चुकला की महिन्याचे पैसे थांबतात, आणि ज्या घरात औषधांचा खर्च त्यातून चालतो तिथे दोन महिने थांबणंही फार होतं.

बोटांच्या ठशांबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. आमच्या भागात काजूचा हंगाम असतो. बिया भाजून फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलातला चीक लागतो, त्याने कातडी जळून सोलते. गेल्या हंगामानंतर एक आजी आल्या. दहाही बोटं यंत्रावर ठेवून पाहिली, एकही ठसा उमटेना. त्या बोटं पदराला पुसून पुन्हा पुन्हा ठेवत होत्या, जणू चूक त्यांच्याच हातांची. आयुष्यभर राबलेल्या हातांना यंत्राने नाकारावं हे मला अजिबात सहन होत नाही. अशा वेळी केंद्रचालकाने 'नंतर या' म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र आहे, चेहऱ्याची ओळख आहे, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी आहे. त्या आजींचं काम चेहऱ्यावर झालं, मात्र त्यासाठी त्यांना उजेडात, अंगणाकडे तोंड करून बसवावं लागलं. तुमच्या बाबांचे ठसे उमटत नसतील तर कुठल्याही केंद्रावर हे पर्याय नावं घेऊन मागा.

पैसे मंजूर झाले, पण खात्यात दिसत नाहीत, ही दुसरी नेहमीची तक्रार. आधारवरून थेट जमा होणारे पैसे, उदाहरणार्थ पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार, आधारला जे खातं शेवटचं जोडलं गेलं त्यात जातात. मधे कुणी मोबाइलच्या दुकानात बाबांचा अंगठा घेऊन नवं खातं उघडून दिलेलं असतं, त्यांना पत्ताही नसतो, आणि हप्ते तिकडे साचत राहतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहता येते. तिथे भलत्याच बँकेचं नाव दिसलं तर नेहमीच्या बँकेत जाऊन जोडणी परत आपल्या खात्याकडे वळवायचा अर्ज द्यायचा. अडकलेले पैसे बुडत नाहीत, त्या दुसऱ्या खात्यातून काढता येतात.

आता जमीन. ऑनलाइनचा खरा मोठा फायदा मला इथे दिसतो, आणि तुमच्यासारख्या बाहेरगावी असलेल्यांनी तो घ्यायलाच हवा. तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा टाकला की एक-चौदाचा उतारा पुण्यात बसून दिसतो. २०२२ मध्ये सरकारला जमीन हडप प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. मालक परदेशी किंवा बाहेरगावी, घर बंद, अशा जमिनी हेरून पोर्तुगीज काळातले बनावट दस्त तयार करायचे आणि त्यांवरून उताऱ्यावर नाव चढवायचं, अशी ती रीत होती. नोंद संगणकावर गेली म्हणून ती खरी ठरत नाही, खोटा कागदही तितक्याच स्वच्छपणे संगणकावर चढतो. पण आता मालकाला घरबसल्या पहारा ठेवता येतो. दर दोन-तीन महिन्यांनी आपले सर्व्हे नंबर उघडा, कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क हे तिन्ही रकाने वाचा, आणि त्या दिवसाची प्रत तारखेसह जपून ठेवा. अनोळखी नाव किंवा म्युटेशनची (फेरफाराची) खूण दिसली तर उद्यावर न टाकता मामलेदारांकडे लेखी हरकत घ्या आणि वकिलांना भेटा.

उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर ते ऑनलाइन अर्जाने सुटणारं काम नव्हे. आपल्याकडे वारसाहक्काचा कायदा वेगळा, नवरा-बायकोची मालमत्तेत भागीदारी, सगळ्या भावंडांचे जोडीदारही हिशेबात येतात. वारसाचं डीड (वारसांचा दस्त) किंवा दिवाणी न्यायालयातली इन्व्हेंटरी (वाटणीची कार्यवाही), दोन्हींपैकी काय करायचं ते घरात एकमत आहे की नाही यावर अवलंबून. बाबांच्या हयातीत, त्यांना नाती आणि नावं आठवतायत तोवर हे करून घ्या. कुठल्या काकांचं लग्न कुठे झालं, मुंबईला गेलेली आत्या कोणत्या नावाने राहते, हे कुठल्याही पोर्टलवर सापडणार नाही.

दाखल्यांच्या प्रतींबद्दल एक गोष्ट. डिजिलॉकरमध्ये खात्याने स्वतः दिलेला दस्तऐवज माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचा आहे. तुम्ही फोटो काढून तिथे चढवलेला कागद मात्र तसा नाही. खिडकीवर झेरॉक्स मागितली तर हा फरक शांतपणे सांगा. तरीही मागितलीच तर काम अडवू नका, प्रत देऊन पुढे जा, पण नकार कशामुळे आला ते लेखी मागायला विसरू नका.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, उपयोग आहे की नाही याचं, उत्तर राहणाऱ्याच्या पत्त्यावर ठरतं. पणजी मे २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आली, पण पणजीत राहणाऱ्याला जुन्ता हाऊस किंवा पाटो इथलं सरकारी कार्यालय तसंही जवळच होतं. ज्याला पैंगीणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून एका सहीसाठी अख्खा दिवस आणि मजुरी घालवावी लागते, त्याला ऑनलाइनचा सगळ्यात जास्त फायदा व्हायला हवा. नेमकं तिथेच नेटवर्क कमी. २०२० मध्ये सांगे तालुक्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर चढून बसायची हे आपण सगळ्यांनी वाचलं. आधारचा ओटीपी दहा मिनिटंच चालतो, आणि दरीतल्या वाड्यावर एसएमएस कधी कधी त्यानंतर पोचतो. म्हणून माझं ठाम मत आहे की पोर्टल कितीही चांगलं झालं तरी पंचायतीतली खिडकी आणि खिडकीमागचं माणूस राहायलाच हवं. २०२० पासून स्वयंपूर्ण मित्र म्हणून सरकारी अधिकारी पंचायतींत येतात. तुमच्या पंचायतीत ते कोण आणि कुठल्या दिवशी येतात ते विचारून बाबांना सांगून ठेवा. अडलेला अर्ज समोर ठेवून बोलता येतं, आणि ते पोर्टलवरच्या तक्रारीपेक्षा लवकर सुटतं.

एजंटाचं म्हणाल तर महिन्याचे पैसे बांधून देण्याइतकी कामं तुमच्या घरी नाहीत. काम असेल तेव्हा केंद्रावर जावं. फक्त तीन गोष्टी पाहा. दरफलक लावलाय का, पावती देतात का, आणि अर्जात मोबाइल नंबर बाबांचा टाकतात की स्वतःचा. स्वतःचा नंबर टाकणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका, कारण मग अर्जाचं काय झालं हे तुम्हाला त्यालाच विचारत बसावं लागतं. आधारची मूळ प्रत किंवा बँकेचं कार्ड कुणाकडेही ठेवू नये, ओळखीचा असला तरी.

अर्ज केल्यावर त्याचा क्रमांक बाबांकडून फोनवर घ्या आणि आठवड्याने स्थिती तुम्ही पाहा. बरेच अर्ज नाकारलेले नसतात, खात्याने एखादा कागद मागितलेला असतो आणि ती सूचना कुणी उघडलेलीच नसते. महिनाभर बाबा वाट पाहतात आणि तिकडे अर्ज पडून राहतो. मुदत उलटूनही काही हललं नाही, तर २०१३ च्या कालबद्ध सेवा कायद्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत आणि अपिलाची सोय आहे, तिचा दाखला देऊन लेखी अर्ज करा. त्यानेही भागलं नाही तर माहिती अधिकारात एवढंच विचारा: अमुक क्रमांकाचा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे आणि कधीपासून. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, पण माझा अनुभव असा की हा प्रश्न पोचला की अर्ज त्याआधीच हलतो. यातलं बहुतेक काम पुण्यात बसून होईल. पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा तो नावांचा कागद घेऊन बाबांसोबत डिचोलीला एक चक्कर मारा. बुधवारी बाजार असतो, गर्दी फार, त्यामुळे तो दिवस सोडून या.